एलवुडच्या बापाचं शतक

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या घरामागचं गवत दिसायचं. त्या गवतात दोन मेपलच्या झाडांमध्ये एक पट्टा होता. बाकीचं गवत कसंही वाढलेलं, पट्टा मात्र नुकत्याच केस कापलेल्या डोक्यासारखा. दर शनिवारी सकाळी पांढरी पँट घातलेला एक गोरा म्हातारा त्यावरून लोखंडी रोलर ओढायचा. दहा पावलं ओढली की थांबायचा, धाप टाकायचा आणि पुन्हा ओढायचा. माझी सून मेधा म्हणाली, "आई, ते थोडे विअर्ड आहेत. भाज्या लावणार असतील."

भाज्या लावायला कोणी जमीन दाबून घट्ट करत नाही. मी तीन शनिवार पाहिलं. चौथ्या शनिवारी म्हातारा पिशवी घेऊन दुकानाकडे गेल्यावर मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले आणि पट्टा पावलांनी मोजला. माझी तीस पावलं भरली, ना कमी ना जास्त. आमच्या गावच्या मैदानावर मी हे अंतर इतक्यांदा चालले आहे की मला टेप लागत नाही. ते क्रिकेटचं पीच होतं.

मी तिथे उभी असतानाच तो परत आला. ओरडला नाही. माझ्या पायांकडे बघत राहिला. मी खाली पाहिलं, तर चपला पायात आणि पाय पीचवर. पटकन चपला काढून हातात घेतल्या. त्याने पिशवी खाली ठेवली, टोपी काढली आणि म्हणाला, "वेल प्लेड, मॅडम."

मी म्हटलं, "नॉट आउट."

मला येत होतं तेवढं इंग्रजी सगळं मैदानावरचं होतं. ते कसं, ते सांगते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. आमचे हे मिरजेला नगरपालिकेत कारकून होते आणि रविवारी गावच्या क्लबचे स्कोअरर. पुढे यांचा हात थरथरायला लागला. डोळे शाबूत होते, पण पेन्सिल पकडता येईना. तेव्हा मी तंबूच्या कनातीमागे सतरंजीवर बसायचे. हे पुढे खुर्चीवर बसून बोलायचे, मी मागे लिहायचे. धाव नाही झाली की टिंब, झाली तर आकडा. डावानंतर एकदा फलंदाजांच्या पानाची बेरीज आणि एकदा गोलंदाजांच्या पानाची. दोन्ही जुळल्या पाहिजेत. जुळल्या की यांची सही. अकरा वर्षं असं चाललं. क्लबात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोललं नाही.

हे गेल्यावर विनायकने, माझ्या मुलाने, मला अमेरिकेत आणलं. तो स्टेट कॉलेज नावाच्या गावात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होता आणि मेधा तिथल्याच लायब्ररीत. सकाळी आठला दोघं बसने जायची, संध्याकाळी पाचनंतर यायची. मधला वेळ माझा. टीव्ही लावला तर त्यातली माणसं हसायची, का हसतात ते कळायचं नाही. मी रडत वगैरे बसले नाही, पण दुपारी दोन वाजता घड्याळ बंद पडलंय की काय म्हणून कानाला लावून बघायचे.

म्हाताऱ्याचं नाव एलवुड. वय तेव्हा चौऱ्याऐंशी. वयाने मोठा असूनही मी मनात त्याला एकेरीच म्हणत आले, आता बदलत नाही. जन्मभर त्याने पियानो सुरात लावायचं काम केलं होतं. गाडीत हत्यारांची पेटी टाकून गावोगाव जायचा, लोकांचे पियानो लावायचा आणि परत यायचा. आता कान मंद झाले होते. घरात स्वतःचा पियानो होता, तो दर महिन्याला लावून ठेवायचा आणि वाजवायचा नाही. लग्न केलं नव्हतं. मेधाने एकदा का म्हणून विचारलं तर म्हणाला, "हार्ड लक," आणि किटली उचलून आत गेला.

चार वाजता त्याचा चहा व्हायचा. मी पाहिलेला, किटलीला लोकरीची टोपी घालणारा अमेरिकन तो एकच. झाडाखाली दोन खुर्च्या असायच्या. मी आल्यापासून दोन. त्याआधी एकच असायची, हे मी खिडकीतून पाहिलेलं होतं. मी लाडू नेले तर तो काट्याने कापून खायचा. त्याची बिस्किटं इतकी कडक की मी चहात बुडवली. त्याला ते पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानेही बुडवलं.

आमचं बोलणं थोडक्यात असायचं. दूध नासलं तर तो म्हणायचा, "नो बॉल." पोस्टमन आमचं पत्र त्याच्या घरात टाकून गेला की "वाइड." थंडीत एकदा त्याच्या पायरीवरच्या बर्फावरून मी घसरले, कठड्याला लोंबकळले, पण पडले नाही. तो दारात उभा. धावत आला नाही, हात दिला नाही. मी सरळ उभी राहिल्यावर टाळ्या वाजवल्या. मला राग आला. घरी गेल्यावर आठवून हसूही आलं. इथल्या बाकीच्या लोकांनी मला धरधरून नेऊन काचेच्या भांड्यासारखं केलं होतं.

रविवारी मेधा यायची आणि मग लांबलचक बोलणं व्हायचं. ते सगळं त्याच्या बापाविषयी. एलवुडच्या तोंडून मी त्याची स्वतःची गोष्ट जवळजवळ ऐकलीच नाही. जे ऐकलं ते थॉमसचं, त्याच्या बापाचं.

थॉमस एकोणिसाव्या शतकातला माणूस. फिलाडेल्फियाजवळ त्यांच्या घराण्याची कापडाची गिरणी होती. तिथे इंग्लंडहून विणकर आणले होते. ते विणकर सुट्टीच्या दिवशी गिरणीमागच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळायचे. मालकाचा मुलगा कुंपणावर बसून बघायचा. एका म्हाताऱ्या विणकराने त्याला खाली उतरवून बॅट हातात दिली. पुढे थॉमस मोठ्या लोकांच्या क्लबात खेळायला लागला. तिथे विणकरांना खेळायला मनाई होती. थॉमसने हट्ट धरला की निदान स्कोअर त्याचा विणकर लिहील. त्याशिवाय आपण पॅड बांधणार नाही. क्लबाने नाक मुरडलं आणि मान्य केलं.

मेधा सांगायची, "आई, ते म्हणतायत फादर अमॅच्युअर होते. म्हणजे खेळायचा एक पैसाही घेतला नाही. बूट स्वतःचे, ट्रेनचं तिकीटसुद्धा स्वतःचं."

"आणि गिरणी कोण बघायचं?" मी विचारलं.

तिने ते विचारलं. एलवुडने कप खाली ठेवला. मग म्हणाला, कोणी नाही.

उन्हाळाभर थॉमस मैदानावर. एकदा झेल घेताना उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं. डाव संपेपर्यंत त्याने कोणाला सांगितलं नाही, ते बोट वाकडंच राहिलं. जेवताना मीठ मागायचं तर तो त्या वाकड्या बोटाने दाखवायचा, आणि नेहमी मीठ सोडून शेजारच्या वस्तूकडे दाखवतोय असं वाटायचं. एलवुड हे सांगताना स्वतःचं बोट वाकवायचा. रविवारी इतक्यांदा वाकवलं की मला वाटतं त्याचंही आता तसंच राहिलं असेल. गिरणी बुडाली. तोवर देशाला दुसऱ्याच खेळाचं, बेसबॉलचं, वेड लागलं होतं, क्लबाने मैदानावर टेनिसचे चौकोन आखले. भाड्याच्या घरामागे थॉमसने दोन झाडांमध्ये पट्टा बनवला आणि रोलर फिरवायला लागला. त्याच्याबरोबर खेळायला कोणी नव्हतं. मरेपर्यंत तो पट्टा राखत राहिला. एलवुडने पुढे जिथे जिथे घर घेतलं तिथे तोच रोलर नेला.

मी विचारलं, तू स्वतः कधी खेळलास का? तो म्हणाला, "नेव्हर." मेधाला भाषांतर करावं लागलं नाही.

बापाच्या सामन्यांचं स्कोअरबुक दाखवायला त्याने दीड वर्ष लावलं. मे महिन्यातला एक रविवार होता. फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं ते जाडजूड पुस्तक त्याने माझ्या मांडीवर ठेवलं आणि मेधाला नीट, हळूहळू सांगितलं. असं बोलताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

इंग्लंडहून आलेल्या पाहुण्या संघाविरुद्ध थॉमसने एकदा शतक केलं होतं. घरात दुसरी कुठली कमाई उरली नाही, हे शतक उरलं. एलवुड एकोणीस वर्षांचा असताना दोघांचं भांडण झालं. तू गिरणी बुडवलीस, असं मुलगा म्हणाला. बाप उठला. हे पुस्तक काढून पुढे ठेवलं आणि म्हणाला, मी काही केलंच नाही असं वाटतं ना, मग मोज. एलवुडने मोजलं. थॉमसच्या नावापुढच्या आकड्यांची बेरीज एकशे एक येत होती. ओळीच्या शेवटी एकशे चार लिहिलं होतं. तो बापाला म्हणाला, "तुझा विणकर, तुझं पुस्तक." बाप पुस्तक उचलून घेऊन गेला. त्यानंतर तो दोन वर्षं जगला. घरात क्रिकेटचा शब्द काढला नाही.

"ते म्हणतायत," मेधा म्हणाली, "तीन रनचा इश्यू नाहीये. लिहिणारा खोटा होता का, तेवढंच हवंय. इथे कोणाला कळत नाही. आपल्याकडच्या स्टुडंट्सना दाखवलं, ते म्हणाले मस्त आहे अंकल, आणि गेले. म्हणून तुम्हाला विचारतायत."

त्याला लाड नको होते, निकाल हवा होता. मी चष्मा पुसला. थॉमसची ओळ बघितली नाही, आधी गोलंदाजांचं पान उघडलं. लिहिणारा कसा आहे हे तिथे कळतं. फलंदाजाच्या ओळीत कोणीही आकडे टाकेल. टिंबं खोटी लिहायला चिकाटी लागते.

पहिल्या चौकटीत चार टिंबं. दुसरीत तीन टिंबं आणि एक आकडा. तिसरीत चार. मी पानं उलटत गेले. एकाही ओव्हरमध्ये सहा चेंडू नव्हते. प्रत्येक ओव्हरचे दोन चेंडू गायब. अकरा वर्षांत माझ्याकडून एक टिंब सुटलं तर हे रात्री जेवताना बोलायचे, आणि इथे हा माणूस ओव्हरमागे दोन खातोय. माझा पारा चढला. बघायचं सोडून हा विणकर काहीतरी भरत बसला होता, नाहीतर झोपला होता. आणि मालकाच्या मुलापुढे एकशे चार लिहायला मात्र जागा झाला.

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "याच्यावर विश्वास नको. हा नीट लिहीतच नव्हता."

"आई, असं कसं सांगू त्यांना?"

"विचारलंय ना त्याने? मग सांग."

तिने सांगितलं की नाही मला माहीत नाही. ती अडखळत होती. पण मी मान हलवली होती आणि पुस्तक त्याच्याकडे सरकवलं होतं. ते कळायला भाषा लागत नाही. त्याने फ्लॅनेल नीट गुंडाळलं, चारही कोपरे आत घेतले. "थँक यू, मॅडम," म्हणाला आणि घरात गेला. चहा तसाच राहिला.

त्या शनिवारी रोलर निघाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चार वाजता मी कुंपणापर्यंत गेले तर झाडाखाली खुर्ची नव्हती, एकही. दार वाजवलं. कान मंद होते, कदाचित ऐकू आलं नसेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं. जूनमध्ये पट्ट्यावरचं गवत आजूबाजूच्या गवताएवढं झालं आणि महिनाअखेर पट्टा कुठे होता ते मलाच खिडकीतून सांगता येईना. मेधा म्हणाली, "तुम्ही थोडं सॉफ्ट बोलायला हवं होतं." मी म्हटलं, खरं ते खरं. मला तेव्हा खरोखर तसंच वाटत होतं.

माझे दीर, तात्या, मिरजेला असतात. तीस वर्षं त्यांनी अंपायरिंग केलं. मी त्यांना घरच्या पत्रात ही हकीकत लिहिली होती, ती पश्चात्ताप म्हणून नव्हे. गंमत म्हणून लिहिली होती की अमेरिकेतला एक विणकर ओव्हरचे दोन-दोन चेंडू कसे खात होता. जुलैच्या शेवटी त्यांचं उत्तर आलं. घरच्या खुशालीनंतर लिहिलं होतं:

"वहिनी, आपल्या आजोबांच्या काळी ओव्हर चारच चेंडूंची असे. मग पाच झाले, मग सहा. विणकर झोपला नव्हता. दादा असता तर तुम्हाला विचारलं असतं की दोन्ही पानांची बेरीज मारलीत का? माझी खात्री आहे, मारली नसणार."

मारली नव्हती. अकरा वर्षं ज्या कामाशिवाय सही होऊ दिली नाही, ते काम मी केलंच नव्हतं. टिंबं बघून निकाल दिला.

दुपारचे दोन वाजले होते. पत्र मुठीत घेऊन मी निघाले. एलवुडच्या दारात मोठी गाडी उभी होती आणि एक पन्नाशीची बाई खोकी भरत होती. ती त्याची पुतणी, हे नंतर कळलं. तो जिन्यावरून पडला होता, ती त्याला आपल्याकडे ओहायोत डब्लिनला न्यायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होते. तो रिकाम्या होत चाललेल्या खोलीत पियानोच्या स्टुलावर बसला होता. पांढरी पँट, कपाळावर पट्टी. मला बघून उठायला लागला.

मैदानावरच्या इंग्रजीत माफी मागायचा शब्द नाही. मी खाली वाकले आणि गुडघ्यांपुढे दोन्ही हात आडवेतिडवे हलवले. डेड बॉल. तो चेंडू धरायचा नाही. लहानपणी बापाने त्याला खुणा शिकवल्या असणार, कारण तो पुन्हा खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी चार बोटं दाखवली. मग तात्यांचं पत्र दाखवलं, त्याला काय कळणार होतं. मग म्हटलं, "बुक."

फ्लॅनेल खोक्याच्या तळाशी होतं. पुतणीला पुन्हा खोकं सोडावं लागलं. ती काहीतरी पुटपुटली, पण तिने काढून दिलं.

मी खोक्यावर बसले आणि गोलंदाजांची पानं पहिल्यापासून घेतली. प्रत्येक चौकटीत चार. मी मराठीत मोजत होते, तो माझ्या बोटाकडे बघत इंग्रजीत. पुतणी आमच्या बाजूने दिवे, चित्रं, भांडी नेत होती. एकदा मी चुकले, मागे गेले. एकदा तो चुकला, त्याने हात वर केला आणि आम्ही दोघं मागे गेलो. शेवटी गोलंदाजांच्या धावा आणि अवांतर मिळून दोनशे सोळा झाल्या. मग फलंदाजांचं पान. विणकराने खाली एकूण दोनशे एकोणीस लिहिलं होतं. थॉमसचे एकशे चार धरले तर दोनशे एकोणीस. एकशे एक धरले तर दोनशे सोळा.

दोनशे सोळा. पान पानाला जुळलं. मी पुन्हा एकदा केलं, कारण आता मला माझ्यावर विश्वास नव्हता. पुन्हा जुळलं.

पाच वाजून गेल्यावर मेधा मला शोधत आली. मी तिला म्हटलं, हे नीट सांग, सॉफ्ट करू नकोस. सांग की मी चूक केली, त्या काळी ओव्हर चारची होती आणि मला ते माहीत नव्हतं. सांग की या माणसाने एकही चेंडू सोडलेला नाही. त्याला बघता येत होतं, बेरीज येत नव्हती. माझ्याएवढंच शिकला असेल, किंवा तेवढंही नाही. "आणि हे सांग. ज्याला खोटं लिहायचं असतं, तो बेरीज चुकत नाही. तो आधी बेरीज जुळवून ठेवतो. हे पुस्तक खरं आहे. त्याच्या बापाच्या एकशे एक."

मेधाने सांगितलं. शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं, कारण त्याला पहिल्यांदा ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं होतं.

तो पानाकडेच बघत होता. मग म्हणाला, "देन आय वॉज आउट."

मेधा भाषांतर करायला लागली. मी हाताने थांबवलं. आउट म्हणजे काय ते मला कळतं. एकोणिसाव्या वर्षी तो आउट झाला होता आणि तेव्हापासून क्रीजवर उभा होता, कोणी बोट वर केलं नव्हतं म्हणून. मी त्याला नॉट आउट म्हणू शकले असते. म्हटलं नाही. ते खरं नव्हतं.

त्याने हात पुढे केला. मी त्याचा हात कधी हातात घेतला नव्हता. बोटं टणक होती, आयुष्यभर तारा ताणलेली. आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनायक आणि मेधा निघून गेल्यावर मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. रोलर झाडाला टेकून होता, त्याला न्यायला गाडीत जागा नव्हती. पट्टा जिथे असायचा तिथे गवतात मी उभी राहिले. चपला काढल्या, सवयीने. गाडीचा आवाज आला तशी मी घराच्या कडेने फाटकापर्यंत गेले. गाडी मागे मागे फाटकाबाहेर आली आणि रस्त्यावर वळायला थांबली. पुतणीने मला हात केला. एलवुड पुढच्या सीटवर होता. त्याने हात केला नाही, वर बघितलंही नाही. मांडीवर पुस्तक उघडं होतं. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून तो एका ओळीवरून ते सरकवत होता, थांबत होता, पुन्हा सरकवत होता आणि त्याचे ओठ हलत होते. गाडी वळली तेव्हा तो ओळीच्या अर्ध्यापर्यंतच आला होता.